वेळापुरे अण्णांचा फॉर्म

"तीनच प्रश्न आहेत अण्णा. दोन मिनिटं."

"दोन मिनिटात इथं एक हातबी भरून होत न्हाई," अण्णा म्हणाले. "बस पायरीवर. ताईंचं होऊ दे."

मी बसलो. अण्णा म्हणजे मुरलीधर वेळापुरे, कासार. आमच्या सिद्धापूरच्या जुन्या पेठेतलं बांगड्यांचं सगळ्यात जुनं दुकान त्यांचं. वय एकाहत्तर, डोक्याला पांढरी टोपी, मांडीवर पंचा. समोर खेड्याकडनं आलेल्या एक ताई हात पुढं करून बसलेल्या. अण्णांनी त्यांची बोटं एकत्र दाबून धरली, हिरवी काचेची बांगडी अंगठ्याच्या सांध्यापर्यंत नेली, आणि कट् झालं.

"वाढली," अण्णा म्हणाले. तुकडे पंच्याखाली सारले. दुसरी घेतली. ती पण गेली.

"माझाच हात कडक हाय अण्णा," त्या ताई म्हणाल्या. "धुणी धुऊन धुऊन."

"व्हय, असंल."

पडद्यामागनं एक हात बाहेर आला, न मागता दुसरा डझन ठेवून गेला. ती अण्णांची सून, वैजूवहिनी. त्या नेहमी पडद्यामागंच असायच्या. मी हे सगळं अर्धवट बघत होतो. खरं सांगायचं तर मोबाइल बघत होतो. नंतर मला त्या पायरीवरचं सगळं आठवायला लागलं, पण त्या दिवशी मला फक्त सही पाहिजे होती.

ताई गेल्या. मी फॉर्म काढला.

"नाव लिहिलंय, दुकान लिहिलंय. आता एकच सांगा. दुकानाचं पुढं काय करायचं ठरवलंय?"

अण्णांनी पडद्याकडं बघितलं. मग समोरच्या बंद गाळ्यांकडं.

"वाढवायचंय आता," ते हळू म्हणाले. "लई दिवस झाले. दिवाळीच्या आधी वाढवायचं असं हाय मनात."

मी उडालोच. "खरं अण्णा? शेजारचा गाळा तर मोकळाच आहे."

"असू दे की. सगळंच मोकळं व्हायलंय."

मी पहिल्या चौकोनात बरोबरची खूण केली. 'दुकान वाढवायचे आहे.' अण्णांनी खाली सही केली. ती सही नीट आलीच नाही, 'वे' लांबच्या लांब गेला. मी म्हटलं, चालतंय.

हे नऊ वर्षांपूर्वीचं. मी तेवीस वर्षांचा होतो.

पेठेचं सांगतो. आमचं एसटी स्टँड आधी पेठेच्या तोंडाशी होतं. ते उचलून बायपासला नेलं आणि दोन वर्षांत गिऱ्हाईक पण तिकडंच उतरायला लागलं, तिकडंच चढायला लागलं. ऐंशी गाळे पेठेत, त्यातल्या एकतीस गाळ्यांना कुलूप. माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान तिथं होतं, कारण तिथला गाळा दुसऱ्या कुणाला नको होता. माझ्या घरात कुणी दुकानदार नाही. वडील एसटीत मेकॅनिक, आई अंगणवाडीत. कॉम्प्युटर मी माझा मीच शिकलो, बारावी नापास झाल्यावर, मामाच्या जुन्या मशीनवर. मराठी टायपिंग दोन बोटांनी. अजून दोनच बोटांनी करतो. हे पण.

तर त्या वर्षी पालिकेत नव्या मुख्याधिकारी मॅडम आल्या. तिशीच्या असतील, विदर्भाकडच्या. पहिल्याच आठवड्यात एकट्या पेठेतनं पायी हिंडून गेल्या. मग व्यापारी मंडळाला बोलावलं. म्हणाल्या, फरसबंदी करू, दिवे लावू, बसायला बाकं टाकू, सावली करू, संध्याकाळी गाड्या बंद ठेवू म्हणजे बायका पोरं घेऊन हिंडतील. पण मला चाळीस दुकानदारांचं लेखी पाहिजे, की आम्ही इथंच राहणार. मी दिवे लावायचे आणि तुम्ही बायपासला जायचं, असं नको. शनिवारपर्यंत द्या. नाहीतर हे काम मी बायपासच्या नव्या संकुलाला देते.

मंडळाचे अध्यक्ष पारसशेठ, कापडवाले. ते माझ्याकडं आले. "सुशांत, एक फॉर्म बनव. साधा. आपल्या लोकांना कळंल असा."

फॉर्म मी बनवला. तीन चौकोन. दुकान वाढवायचे आहे. आहे तसे ठेवायचे आहे. बंद करायचे आहे. भाषा माझी, चौकोन माझे. मला लई अभिमान होता त्याचा. आणि सह्या गोळा करायचं काम पण मीच मागून घेतलं. पेठ गेली असती तर मी कुठं जाणार होतो? बायपासला फॉर्म भरणारे आधीच सहा जण बसलेले. पण तेवढंच नव्हतं. मला ती पेठ आवडायची. दुपारी सगळे आपापल्या पायरीवर बसून एकमेकांची मापं काढायचे, ते ऐकत बसायला आवडायचं.

पहिल्या दोन दिवसात सह्या किती, तर पाच. सगळे म्हणायचे, "बघू. बाकीचे काय म्हणतेत?"

आणि मग मंगळवारी अण्णांचा फॉर्म हातात आला.

मी तो गठ्ठ्याच्या सगळ्यात वर ठेवला आणि पहिला गेलो शेवंताबाईंकडं. शेवंताबाई गवसने, तिखट-मसाल्याचं दुकान. नवरा वीस वर्षांपूर्वी गेला, तेव्हापासनं मिरच्या कुटायच्या डंकावर एकटी बसलेली. जीभ तिखटापेक्षा जरा जास्तच.

"आला का कागदवाला," ती म्हणाली. "मला न्हाई सही करायची. पुढच्या साली मी बायपासला. भाच्यानं जागा बघून ठेवलीया."

"मावशी, अण्णा दुकान वाढवतायत."

"कोण अण्णा?"

"वेळापुरे अण्णा. शेजारचा गाळा पण घेतायत."

हे गाळ्याचं माझ्या पदरचं. खोटं बोलतोय असं मला तेव्हा वाटलं नाही. वाढवायचं म्हणजे गाळा घ्यायचाच ना, दुसरं काय करणार? मी नुसतं वाक्य पूर्ण केलं.

शेवंताबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हातारा? ह्या वयात? दुसरा गाळा?"

"सही बघा."

तिनं चष्मा लावून बघितली. "अन् मी साठाव्या वर्षी उठून बायपासला पळू व्हय? लोक थुकतील तोंडावर. आण पेन. मधला चौकोन कर, आहे तसं."

झालं. तिनं सही केली आणि दुपारपर्यंत पेठभर केलं. भांडीवाले गाढवे, घड्याळवाले रज्जाकभाई, हार्डवेअरचे बापू टिळेकर, सगळे. "अण्णा वाढवतोय म्हणं?" "हो, शेजारचा गाळा पण." प्रत्येकाला मी गाळ्याचं सांगितलं. दोघांना तर मी सांगितलं की अण्णा आरशाचं काउंटर करणार आहेत. ते कुठनं आलं माझ्या डोक्यात, मला माहीत नाही. शुक्रवार सकाळपर्यंत एक्केचाळीस फॉर्म झाले. पारसशेठनी मला पेढा भरवला.

शुक्रवारी दुपारी वैजूवहिनी माझ्या दुकानात आल्या.

मी त्यांना पहिल्यांदाच पेठेत अशा चालत आलेल्या बघत होतो. पस्तिशीच्या. प्रकाशदादा, म्हणजे अण्णांचा मुलगा, चार वर्षांपूर्वी काविळीनं गेला होता.

"एक अर्ज टाइप करायचाय, भाऊजी. पालिकेला."

"सांगा की. तुम्ही बोला, मी मारतो."

त्या बोलायला लागल्या, मी दोन बोटांनी ठोकायला लागलो. प्रति, मुख्याधिकारी. विषय, गाळा क्रमांक सतरा परत करणेबाबत. मी मान वर केली नाही, मला वाटलं आकडा चुकला असेल. "आम्ही येत्या दिवाळीपूर्वी आमचे बांगड्यांचे दुकान वाढवत आहोत, तरी सदर गाळा..."

माझी बोटं थांबली.

"वहिनी, दुकान वाढवताय तर गाळा परत कशाला करताय? आणि सतरा तर तुमचाच आहे. शेजारचा अठरा."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या.

"भाऊजी, तुम्हाला वाढवणं म्हणजे काय वाटलं?"

संध्याकाळी शटर ओढताना पारसशेठ रोज गड्याला म्हणायचे, "चला, वाढवा आता." हे मी दोन वर्षं ऐकत होतो. मला माहीत होतं. पण ते रोजचं. कायमचं उठायचं असलं तरी लोक हाच शब्द वापरतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि मी तर चौकोनच तो करून ठेवला होता.

"आमच्या दुकानात बांगडी फुटत नाही," वहिनी म्हणाल्या. "वाढते. दिवा विझत नाही, वाढतो. कासाराच्या गादीवर बसून ते दुसरे शब्द कुणी काढत नाही. मामंजींना तुम्ही कितीही विचारलं असतं तरी त्यांनी 'बंद' म्हटलं नसतं. त्यांच्या तोंडातनं येतच नाही तो शब्द."

"पण का? चाललंय की दुकान."

"हात बघितले नाहीत त्यांचे? वर्ष झालं. औषध चालू आहे. आधी संध्याकाळचे कापायचे, आता सकाळी पण. बायका बोलत नाहीत, माझाच हात कडक म्हणतात. पण परत येत नाहीत. एखादीच्या मनगटाला काच लागायच्या आत उठायचं, असं ठरवलंय त्यांनी."

"मग तुम्ही बसा की. तुम्हाला येतं ना?"

वहिनी हसल्या. हसल्या म्हणजे ओठ हलले फक्त.

"येतं. लग्न होऊन आले तेव्हा मामंजींनीच शिकवलं. माझ्या हातून वाढत नाही एकही. पण येण्याचं काय? सवाष्ण बाई माझ्या हातून चुडा भरून घेईल का? किराणा असता तर बसले असते. भांडी असती तर बसले असते. सगळ्या पेठेत हे एकच दुकान असं आहे, जिथं मला पुढं बसता येत नाही."

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. डाव्या हातात घड्याळ होतं. बाकी काही नाही. त्या पडद्यामागं का बसतात, हा प्रश्न मला दोन वर्षांत एकदा पण पडला नव्हता.

अर्ज मी टाइप केला. 'वाढवत आहोत' खोडून 'बंद करत आहोत' केलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "नको. होतं तसंच राहू द्या." मी परत केलं.

शनिवारी चारला राममंदिराच्या सभामंडपात सभा होती. मी सकाळी नऊलाच अण्णांकडं गेलो. वहिनींनी त्यांना काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. गाळ्याचं, आरशाच्या काउंटरचं, सगळं. उभ्यानंच. बसायची हिंमत झाली नाही.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "तरीच. परवा रज्जाक मला म्हणला, काउंटरला घड्याळ फुकट लावतो. मला वाटलं थट्टा करतोय."

"चिडा की अण्णा माझ्यावर."

"चिडून काय करू? तू शब्द ऐकलास. आत काय हाय ते तुला दिसलं न्हाई. माझ्याच गादीवर इतकी गिऱ्हाइकं येऊन गेली, त्यांना तरी कुठं दिसलं." त्यांनी दोन्ही हात पंच्याखाली घेतले. "सह्या किती झाल्या?"

"एक्केचाळीस."

"माझी काढली तर?"

"चाळीस. पण अण्णा, सगळ्यांनी तुमच्याकडं बघून केल्यात. खरं कळलं तर चाळीस राहणार नाहीत."

रस्त्यावरनं एक गाढव चाललं होतं, एकटंच. अण्णा त्याच्याकडं बघत होते.

"मग आज कळू देऊ नको," ते म्हणाले. "मंजूर होऊ दे काम. महिन्याभरानं मी गुपचूप उठतो. म्हाताऱ्याचं काय, तब्येत बिघडली म्हणायचं. दिवे तर लागतील."

मी हो म्हणालो. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं वाटलं मला. पेठ वाचत होती, माझी चूक झाकली जात होती, आणि झाकायला खुद्द अण्णाच मदत करत होते.

चार वाजता मंडप भरला. बायका पण आल्या होत्या, पारसशेठच्या सौभाग्यवती, गाढव्यांच्या सुना, मधोमध शेवंताबाई. मॅडम आल्या. मी गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवला. अण्णांचा फॉर्म सगळ्यात वर होता.

मॅडमनी वाचला. "वेळापुरे कोण?"

"ते बघा," पारसशेठ म्हणाले. "एकाहत्तर वय. सगळ्यात पहिले हे म्हणाले की दुकान वाढवतो. ह्यांना बघून बाकीचे उभे राहिले, मॅडम."

टाळ्या वाजल्या. अण्णा मान खाली घालून बसलेले.

मॅडम खूश झाल्या. चांगल्या मनानंच म्हणाल्या, "मग पेठेचं पहिलं गिऱ्हाईक मी. अण्णा, आज इथंच मला बांगड्या भरा. सगळ्यांसमोर."

पारसशेठना तर काय, फोटोच पाहिजे होता. दहा पावलांवर दुकान. त्यांनी गडी पळवला. पाच मिनिटात वैजूवहिनी बांगड्यांचा खोका घेऊन आल्या. खोका खाली ठेवून त्या खांबाला टेकून उभ्या राहिल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

मॅडम सतरंजीवर मांडी घालून बसल्या, हात पुढं केला. अण्णांनी माझ्याकडं एकदा बघितलं. मग हात धरला.

पहिली बांगडी सांध्यावर गेली. कट्.

"वाढली," अण्णा म्हणाले.

"असू द्या," मॅडम म्हणाल्या.

दुसरी. आता सगळ्यांना दिसत होतं. बांगडी बोटांवर टकटक वाजत होती, जणू कुणी दार वाजवतंय. कट्. मॅडमनी श्वास आत ओढला. कुणीतरी मागं पुटपुटलं. अण्णांनी तिसरी उचलली.

तिसरी त्यांनी घालू नये एवढंच मला कळलं. बाकी काही विचार केला नाही. मी उभा राहिलो.

"थांबा अण्णा. मॅडम, हा फॉर्म चुकलाय. मी चुकवलाय. अण्णा वाढवायचं म्हणाले ते बंद करायचं म्हणून. दुसऱ्या गाळ्याचं ते काहीच बोलले नव्हते. ते मी सांगितलं. काउंटरचं पण मीच."

मंडपात एकच गलका झाला.

"म्हणजे आमच्या सह्या?"

"अरे गाढवा!" हे पारसशेठ.

"माझा फॉर्म दे इकडं," बापू टिळेकर उठले. "मी अण्णाकडं बघून केली सही. अण्णाच जाणार तर मी काय इथं भजन करू?"

मी गठ्ठा उचलला आणि सतरंजीच्या मधोमध ठेवला. "ज्याला काढून घ्यायचा त्यानं घ्या." बापूंनी त्यांचा शोधून काढला. मग आणखी एकानं. मग तिसऱ्यानं. कागद फडफडत होते आणि मला वाटलं, संपलं. दिवे गेले, बाकं गेली, पेठ गेली. माझ्यामुळं.

एवढ्या गोंधळात खांबापासनं वैजूवहिनी कधी निघाल्या ते मला दिसलं नाही. दिसलं तेव्हा त्या मॅडमसमोर बसल्या होत्या. अण्णांच्या हातातली तिसरी बांगडी त्यांनी काढून घेतली. हळूच घेतली, जसं झोपलेल्या पोराच्या मुठीतनं काही काढून घेतात तसं.

"हात सैल सोडा, मॅडम. माझ्याकडं बघा, हाताकडं नको."

अंगठा आत दुमडला, तळवा दाबला, बांगडी सर्रकन गेली. दुसरी गेली. तिसरी. मंडपात बोलणं एकेक करून बंद होत गेलं. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय, फक्त मॅडमना कळत नव्हतं. त्या आपल्या हाताकडं बघून हसत होत्या. "दुखलं पण नाही हो!"

बारा झाल्या. एक वाढली नाही.

पारसशेठच्या सौभाग्यवती सवयीनं बोलून गेल्या, "मॅडम, बांगड्या भरल्या की कासाराला नमस्कार करायची रीत आहे," आणि मग कुणाला करायचा ते ध्यानात येऊन तोंडावर पदर धरला. मॅडमनी वाकून वैजूवहिनींना नमस्कार केला.

मागनं एका म्हातारीचा आवाज आला, "असं कुठं असतंय का गं बाई. विधवेच्या हातनं..."

"असतंय!" शेवंताबाई उठली. गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत, पण उठली. "कोण बोललं ते? कमळे, तू का? तुझ्या घरात वरसाचं तिखट कुणाच्या हातचं जातंय गं? माझ्या. मी कोण हाय? वीस वरसं खाताय की सगळे चाटून पुसून. तवा न्हाई इटाळ झाला तो?"

कुणी हसलं. कमळाबाई पण, नाइलाजानं.

पुढचं थोडक्यात सांगतो. अण्णांनी त्याच सभेत मला हाक मारून फॉर्म मागवला. म्हणाले, "खोड ते. मधला चौकोन कर. आहे तसं ठेवायचं. अन् दुकानदाराचं नाव बदल, वैजयंता प्रकाश वेळापुरे लिही." मी लिहिलं. सही वहिनींनी केली. पालिकेचा तो अर्ज माझ्याकडंच राहिला. काढून घेतलेल्या तीन फॉर्मपैकी बापूंचा सोमवारी परत आला, दुसरे दोघं खरंच बायपासला गेले. म्हणजे एकोणचाळीसच झाले. मॅडमनी मोजले नाहीत, किंवा मोजून बोलल्या नाहीत. फरसबंदीला पावणेदोन वर्षं लागली. सावलीचं काम अजून अर्धंच आहे. कुलुपं एकतीसची चौदावर आली. वहिनींच्या गादीवर पहिल्या वर्षी कॉलेजच्या पोरीच जास्त यायच्या, लग्नाचा चुडा भरायला पहिली नवरी आली तिसऱ्या वर्षी. अण्णा तोवर होते. ती नवरी चुडा भरून गेल्यावर ते मला म्हणाले, "चांगला ऐकलास तू शब्द." मी रडलो. ते हसले.

पण मला सांगायचं होतं ते त्या शनिवारचंच. सगळे उठायला लागले होते. मॅडम गाडीत बसल्या होत्या. शेवंताबाई सतरंजीवरून आली आणि वैजूवहिनींसमोर धप्पकन बसली. तिखटानं लाल झालेली बोटं, मोकळं मनगट. तिनं हात पुढं केला.

"भर."

वहिनींनी मान वर केली. "मावशी... तुम्हाला?"

"का? मला हात न्हाई? भर म्हणते ना. आणि वाजणाऱ्या भर, डंकावर ऐकू आल्या पाहिजेत."

वहिनी खोक्यात बघायला लागल्या, गडबडीनं, एक माप काढायच्या, ठेवायच्या. "माप किती मावशी तुमचं?"

"मला काय ठावं आता? वीस वरसं झाली."

अण्णा खांबाला टेकून बसले होते. डोळे मिटलेले, दोन्ही हात पंच्याखाली. ते डोळे न उघडताच म्हणाले,

"अडीच होतं तिचं. लग्नात सव्वादोन, पोरगी झाल्यावर अडीच. डाव्या हाताचा अंगठा जरा आडवा हाय, तो आधी चोळून घे."

शेवंताबाईनं डावा अंगठा पदराला पुसला आणि हात वहिनींच्या हातात दिला.